रायफलीचा धक्का आणि उतारवयातील खांदा

अमेरिकेत शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि अनेक वयोवृद्ध शिकारी तरुणपणीची रायफल पुन्हा खांद्याला लावतात. गोळी पुढे सुटते, त्याच क्षणी रायफल मागे आदळते. वाढत्या वयात कंडरा झिजतात, हाडे विरळ होतात आणि पूर्वी सहज पेलणारा धक्का असह्य होऊ लागतो. मग चाप ओढण्याआधीच अंग आक्रसते, नेम चुकतो आणि जखमी प्राणी तडफडत राहतो. म्हणून धक्का सोसण्यात पौरुष मानू नये.

तेथे सर्वपरिचित असलेल्या ‘.३०-०६’ काडतुसाचा धक्का सुमारे २७ ज्यूल, तर ‘.२४३’चा साधारण १२ ज्यूल असतो. रायफलीचे वजन अधिक असल्यास आणि दस्त्यामागे रबरी गादी असल्यास तो आणखी सौम्य होतो. कानांचे संरक्षण मात्र प्रत्येक वेळी अनिवार्यच.

पेसमेकर बसवलेल्यांनी त्या बाजूच्या खांद्याला दस्ता टेकवण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी पेसमेकरच्या तारेस इजा होऊ शकते. घरच्यांनीही सरावानंतर आपुलकीने विचारपूस करावी. दुसऱ्या दिवशीही खांदा दुखत असेल, तर हलके काडतूस निवडण्याची वेळ आली, असे समजावे.