गर्डरला काही टांगण्याआधी: बीम क्लॅम्पबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंपळे गुरवमधून नाशिक फाटा ओलांडला की भोसरी एमआयडीसी लागते आणि तिथून चाकणपर्यंत शेडची सोबत फारशी सुटत नाही. त्यातल्या कुठल्याही शेडमध्ये मान वर करून पाहा. पत्र्याखाली केबल ट्रे, कॉम्प्रेसरच्या हवेची लाइन, आग विझवण्याच्या पाण्याचे पाइप, दिवे, डक्ट असा मोठा पसारा अधांतरी दिसेल. बऱ्याच ठिकाणी तो गर्डरला भोक न पाडता, वेल्डिंगचा टाका न मारता धरलेला असतो. हे काम करतो बीम क्लॅम्प. गर्डरची कड जबड्यात पकडणारा आणि स्क्रू फिरवून लहान-मोठा करता येणारा हा लोखंडी तुकडा हातात मावेल एवढाही असतो आणि दोन हातांनी उचलावा लागेल एवढाही.

असे क्लॅम्प लावणारे फिटर, वेल्डर, मेंटेनन्सवाले संध्याकाळी पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडीतल्या आपल्या घरी परततात. तिथेही कुणाला झोपाळा टांगायचा असतो, कुणाला व्यायामशाळेत पंचिंग बॅग, कुणाला गॅरेजमध्ये इंजिन उचलायला चेन पुली. टांगण्याबद्दलचे समज कारखान्यातून घरी येतात आणि घरातून कारखान्यात जातात. त्यातले काही समज थेट माणसाच्या डोक्यावर वजन आणून टाकू शकतात, म्हणून ते नीट तपासायला हवेत.

“क्लॅम्प म्हणजे जुगाड, पक्कं काम वेल्डिंगचंच”

हा समज कुशल कारागिरांमध्येही खोलवर रुजलेला आहे, आणि त्यामागे हाताच्या कामाचा प्रामाणिक अभिमान आहे. पण गर्डरच्या बाजूने विचार केला तर चित्र उलटं दिसतं. आय आकाराच्या गर्डरचे वरचे आणि खालचे आडवे पट्टे म्हणजे फ्लँज, मधली उभी पट्टी म्हणजे वेब. दोन खांबांवर टेकलेला गर्डर भाराने वाकतो तेव्हा खालचा फ्लँज ताणला जातो, आणि हा ताण साधारण मध्यावर सर्वांत जास्त असतो. नेमक्या त्याच जागी भोक पाडलं तर ताण पेलणारं लोखंड कमी होतं. वेल्डिंग केलं तर उष्णतेने तिथल्या धातूची घडण बदलते, आणि भार पुन्हापुन्हा येत-जात असेल तर टाक्याच्या कडेपासून तडा सुरू होऊ शकतो. क्रेन ज्यावर धावते त्या गर्डरला कुणी सहज म्हणून एखादा हूक वेल्ड केला, तर त्या गर्डरचं आयुष्य त्या एका टाक्याने कमी होऊ शकतं. वर रंग किंवा झिंकचा थर जळतो, ठिणग्या खाली पडतात, ते वेगळंच.

गर्डरला हात न लावता त्याला पकडण्याची ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची लिंडॅप्टर ही कंपनी १९३४ पासून याच कल्पनेवर उभी आहे. योग्य जागी बसवलेला, योग्य मापाचा क्लॅम्प हे पूर्ण अभियांत्रिकी काम आहे. मात्र भोक पाडावं लागलं नाही, याचा अर्थ विचारावंही लागत नाही असा होत नाही.

“वर दिसतं ते सगळं बीमच”

माझ्या मते सर्वांत धोकादायक गैरसमज हाच. क्लॅम्प वजन स्वतःजवळ ठेवत नाही, ते पुढे सोपवतो. म्हणून पहिला प्रश्न क्लॅम्पचा नाही. तो ज्याला धरतो आहे ती वस्तू नेमकी काय आहे, हा आहे.

गेल्या काही दशकांत चाकण पट्ट्यात उभ्या राहिलेल्या अनेक शेड प्री-इंजिनिअर्ड पद्धतीच्या, म्हणजे पीईबी आहेत. त्यात मुख्य चौकट जाड प्लेट वेल्ड करून बनवलेली असते, पण पत्रा ज्यावर बसतो ते पर्लिन झेड किंवा सी आकाराचे, बहुधा दीड ते अडीच मिमी जाडीच्या पत्र्यापासून थंड वाकवलेले असतात. खालून पाहणाऱ्याला तेही ‘बीम’ वाटतात आणि हाताला तेच सोयीचे असतात. त्यांच्या पातळ ओठाला सी-क्लॅम्प, म्हणजे एकाच कडेला एका स्क्रूने धरणारा छोटा क्लॅम्प, लावून स्क्रू आवळला की ओठ चेपतो, आणि वजन एकाच कडेला आल्याने पर्लिन पिळला जातो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागानुसार, जिथे माणसांची ये-जा नाही अशा दहा अंशांपर्यंत उताराच्या छपरासाठी चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलो, एवढा तात्पुरता भार धरतात. टांगलेल्या सामानासाठी डिझायनर वेगळा भार धरतो आणि तो बहुधा चौरस मीटरला दहा ते पंचवीस किलोंच्या आसपासच असतो. तो किती धरला, हे शेडच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. ड्रॉइंग मालकाच्या कपाटात बंद असेल आणि क्लॅम्प लावणाऱ्याला ते कधी दाखवलंच जात नसेल, तर दोष क्लॅम्प लावणाऱ्याचा नाही.

मुख्य राफ्टरवर लावतानाही एक बारकावा आहे. पीईबीचा राफ्टर बऱ्याचदा दहाला एक या उताराने जातो आणि त्याचा खालचा फ्लँजही तिरका असू शकतो. तिथे क्लॅम्प हळूहळू उताराने सरकू शकतो, म्हणून सरकू न देणारी व्यवस्था आणि सामान टांगणारा रॉड सरळ खाली लोंबेल असा फिरता जोड लागतो.

जुन्या शेडमध्ये अँगलच्या कैच्या असतात. कैचीचे सगळे दांडे ताण किंवा दाब सरळ रेषेत वाहण्यासाठी असतात, मध्येच वाकण्यासाठी नसतात. त्यामुळे टांगायचंच तर दांडे एकत्र येतात त्या सांध्याजवळ टांगावं. दोन सांध्यांच्या मध्ये खालच्या अँगलला चेन पुली अडकवली तर वजन लहान असूनही अँगल वाकतो.

आणि घरातला बीम? फ्लॅटमधला बीम काँक्रीटचा असतो. त्याला पकडायला फ्लँजच नाही. तिथे अँकर फास्टनर किंवा रासायनिक अँकर लागतो, आणि बीमच्या मध्याजवळचं तळाचं काँक्रीट ताणाखाली असल्याने तिथे बारीक तडे गृहीत धरून प्रमाणित केलेला अँकरच चालतो. ड्रिल सळईवर आदळलं तर भोक थोडं बाजूला घ्यायचं. सळई कापून पुढे जायचं नाही. छताच्या फॅन हुकला झोक्याची खुर्ची अडकवण्याची पद्धत तर तातडीने थांबवायला हवी. तो हूक काही किलोंच्या पंख्यासाठी असतो, हलणाऱ्या माणसासाठी नाही.

“शंभर किलो टांगायचे तर शंभर किलोचा क्लॅम्प पुरे”

वजन स्थिर, सरळ खाली आणि हळूच सोडलेलं असेल तरच हा हिशेब खरा. प्रत्यक्षात तसं क्वचित घडतं.

साधी कप्पी घ्या. गर्डरला कप्पी लावली, तिच्यावरून दोर घेतला, एका टोकाला शंभर किलोचा मोटर सेट आणि दुसऱ्या टोकाला खाली ओढणारी माणसं. मोटर सेट अधांतरी धरायला माणसांनाही शंभर किलोंची ओढ द्यावी लागते. म्हणजे गर्डरवर शंभर नव्हे, दोनशे किलो आले, आणि कप्पीतलं घर्षण धरलं तर त्याहून जास्त. चेन पुलीमध्ये हाताची ओढ गिअरमुळे कमी लागते, तरी उचललेल्या वजनात पुलीचं स्वतःचं वजन आणि हाताची ओढ मिळवावीच लागते.

दोन पायांच्या साखळीने किंवा बेल्टने सामान उचलताना कोन महत्त्वाचा. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर वजनाचा ५८ टक्के ओढा येतो, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका. त्याच दोन पायांची वरची टोकं गर्डरवरच्या दोन वेगळ्या क्लॅम्पना अडकवली, तर हे पाय क्लॅम्पना आडवेही ओढतात. बहुतेक बीम क्लॅम्पवरची क्षमता सरळ खाली ओढण्यासाठी दिलेली असते. तिरपी ओढ एकतर निषिद्ध असते किंवा तिच्यासाठी वेगळी, कमी क्षमता दिलेली असते.

झटक्याचं गणित याहून कडक आहे. ताण नसलेल्या साखळीवर वजन एकदम सोडलं, ते जराही खाली पडलं नाही तरी, क्षणभर दुप्पट ओढा येतो. थोडं जरी पडून साखळी ताणली गेली तर दुपटीहून अधिक.

झोपाळा म्हणजे हाच प्रश्न, फक्त घरातला. दोन माणसं आणि पाट मिळून १४० किलो धरा. झोका ४५ अंशांपर्यंत जात असेल तर तळातून जाताना कड्यांवर मिळून सुमारे २२० किलोंचा ओढा येतो, आणि वर जाता-येताना सुमारे ८५ किलोंचा आडवा ओढा आलटून पालटून दोन्ही बाजूंना. दोन मीटर लांबीच्या साखळीचा झोपाळा तासाला बाराशेहून जास्त हेलकावे घेतो. केबल ट्रेसाठी बनवलेला छोटा सी-क्लॅम्प यासाठी जन्मलेला नाही; त्याचा एकमेव स्क्रू या आडव्या ओढीने कडेकडेने सरकत जातो. लोखंडी गर्डरवर झोपाळा टांगायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी फ्लँज धरणारा, उचलण्याच्या कामासाठी प्रमाणित आणि त्या दिशेच्या ओढीला मान्यता असलेला क्लॅम्प हवा, आणि झोका बेअरिंगच्या कडीवर फिरायला हवा, म्हणजे पीळ क्लॅम्पपर्यंत पोचत नाही.

“जितकं आवळावं तितकं घट्ट”

छोटे क्लॅम्प बहुधा ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असतात. बीड दाबाला दमदार, पण वाकवलं की तडकणारं. इम्पॅक्ट गनने स्क्रू मारला की जबडा आतून फाटू शकतो आणि रंगाखाली तो तडा दिसतही नाही. त्यामुळे उत्पादकाने दिलेला टॉर्क पाळायचा, आणि पान्याला पाइप लावून लांब करायचा नाही.

आपल्याकडच्या आयएसएमबी (भारतीय मानकाच्या आय आकाराच्या) गर्डरच्या फ्लँजची आतली बाजू सपाट नसते, तिला आठ अंशांचा उतार असतो. त्या उतारावर सपाट जबडा बसवून आवळलं तर तो जास्त आवळण्याने बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. उतारासाठी बनवलेला जबडा किंवा टेपर वॉशर हा त्यावरचा उपाय. उचलण्याच्या कामाचा ॲडजस्टेबल क्लॅम्प, ज्यात उलट-सुलट आट्यांचा एकच स्पिंडल दोन्ही जबडे जवळ आणतो, तो फ्लँजच्या दोन्ही कडांना सारखा बसला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं लागतं. एक टनाचे बरेच क्लॅम्प साधारण ७५ ते २३० मिमी फ्लँज घेतात. आयएसएमबी २०० चा फ्लँज १०० मिमी, ३०० चा १४० मिमी, म्हणजे तो बसतो. बसतो म्हणून गर्डर एक टन पेलेल, असं मात्र नाही.

प्रेस शॉपच्या कामगारांना हे माहीत असतंच की हादऱ्याने नट सुटतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सुटण्याचं मुख्य कारण आडवी थरथर आहे. घट्ट आवळलेला नटही तिच्यात सैल होतो. म्हणून चेक नट हवाच. हादरा भूकंपाचाही असतो. पुणे आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं. भूकंपप्रवण भागात स्प्रिंक्लरच्या पाइपला सी-क्लॅम्प वापरला तर फ्लँजच्या दुसऱ्या कडेला अडकणारी पट्टी एनएफपीए १३ हे अमेरिकन मानक सक्तीची करतं. ती पट्टी स्वस्त असते, आणि नेमकी तीच आधी वगळली जाते.

“रॉड जाड घेतला की काम झालं”

एम १० चा, ४.६ ग्रेडचा फुल थ्रेड रॉड सरळ ओढला तर सुमारे १.४ टनांपर्यंत कायमचा लांबत नाही. ज्या छोट्या क्लॅम्पला तो लावतात, त्याची मान्य क्षमता याच्या कितीतरी खाली असते. साखळीतला सर्वांत कच्चा दुवा रॉड नसतोच.

क्षमतेत एवढं मार्जिन कशासाठी ठेवतात, याचं उत्तर याच एनएफपीए १३ मध्ये सापडतं. १०० मिमीचा पाइप पाण्यासह मीटरला साधारण २१ किलो भरतो. तीन मीटरवर एक हँगर धरला तर त्यावर ६३ किलो. पण मानक सांगतं की हँगरने पाण्याने भरलेल्या पाइपच्या पाचपट वजन आणि वर ११४ किलो पेलले पाहिजेत. म्हणजे सुमारे ४३० किलो. आग लागलेल्या क्षणी पाणी जोराने धावतं, पाइप उसळतो, आणि त्याच वेळी कुणीतरी शिडी त्यालाच टेकवलेली असते.

“कंपनी मार्जिन ठेवतेच, एक टन लिहिलंय म्हणजे दीड चालतो” हे वाक्य म्हणूनच ऐकून घेऊ नये. ते मार्जिन झिजेसाठी, झटक्यासाठी, तिरप्या ओढीसाठी आधीच खर्ची पडलेलं असतं. कायद्यानेही ते आपल्या हाती दिलेलं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलण्याच्या साधनांवर सुरक्षित भार ठळक लिहिण्याची, चाचणीखेरीज त्याहून जास्त भार न टाकण्याची, आणि बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी करून नोंदवहीत लिहिण्याची अट घातली. चेन पुलीची ही तपासणी होते, पण ती ज्या क्लॅम्पला अडकते तो वर राहतो आणि विसरला जातो.

तपासणीला शिडी लावून वर जाणाऱ्याने पाहायच्या गोष्टी फार नाहीत. जबड्याचं टोक झिजून गोल झालं आहे का, स्पिंडलच्या आट्या चेपल्या आहेत का, चेक नट हाताने फिरतो का, रंगात केसासारखी रेघ आहे का, आणि क्लॅम्प पूर्वीच्या खुणेवरून सरकला आहे का. शेवटच्या प्रश्नासाठी बसवतानाच गर्डरवर मार्करने रेघ मारून ठेवावी. त्याच वेळी गर्डरवर त्याची स्वतःची परवानगीची क्षमता रंगाने लिहावी. क्लॅम्पवर एक टन आणि गर्डरवर पाचशे किलो असेल, तर त्या जागी पाचशे किलोच उचलायचे.