राखाडी पोपटाचं खरं घर

मालाडमधल्या एखाद्या घरात लाल शेपटीचा राखाडी पोपट सलाम करतो आणि पाहुणे हरखून जातात. पण हा पाहुणा मूळचा आफ्रिकेचा, घाना, कॅमेरून, काँगोच्या वर्षावनांतला. तिथे संध्याकाळी शेकडो पोपट एकाच ठिकाणी मुक्कामाला उतरतात आणि सकाळी तेलताडाची फळं शोधत पांगतात. ढोलीत मादी अंडी उबवते, तेव्हा तिचा घास नर आणून देतो. (आमच्याकडच्या मियाँजींनी ऐकावं!) नक्कल तो जंगलातही करतो, काँगोत त्याने केलेली इतर पक्ष्यांची, अगदी वटवाघळाचीही नक्कल ध्वनिमुद्रित झाली आहे.

फांद्यांना चिकट गोंद लावून, पाळीव पोपटाकडून साद घालायला लावून थवे पकडले गेले. घानात १९९२ नंतर ९० टक्क्यांहून अधिक पोपट नाहीसे झाले. २०१७ पासून जंगलातून पकडलेल्या पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे.

प्रवासात सहाबांनी एका पाखराची दोन पिल्लं उचलली, आई फडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती परत ठेवायला लावली, असं अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे.

एकटा पडलेला राखाडी पोपट स्वतःचीच पिसं उपटतो. घरात असेल तर त्याच्याशी रोज बोला, पिंजऱ्याबाहेर सोडा. २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणीही करावी लागते.