राज्याची वेस माणसे का ओलांडतात?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की साधारण चौदा किलोमीटरवर चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील या गावाचे नाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले ते ‘व्हिडिओकॉन’मुळे. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यातही ‘औरंगाबाद-पैठण रस्ता, चौदावा किलोमीटर’ असाच उल्लेख असे. चितेगाव, वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाणा या औद्योगिक पट्ट्यांनी स्थानिकांबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातील कामगारांनाही काम दिले. याच रस्त्याने पुढे जाऊन गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्याची हद्द जवळ येते. तेथील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्या मुलखात परप्रांतीय पोट भरायला येतात, त्याच मुलखातील माणसे पोटासाठी परप्रांतात जातात. स्थलांतराचे कारण केवळ गरिबी असते, तर या दुहेरी वाहतुकीचा अर्थ लागला नसता.

रेटा आणि ओढ

स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो अर्न्स्ट जॉर्ज रेव्हेन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने. ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे पाहून १८८५ मध्ये त्याने काही निष्कर्ष मांडले. बहुतेक माणसे जवळच्या ठिकाणीच जातात आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, हे त्यांपैकी दोन. पुढे १९६६ मध्ये एव्हरेट ली या अमेरिकी अभ्यासकाने मूळ गावातील रेटा, नव्या जागेची ओढ, वाटेतील अडथळे आणि व्यक्तीची परिस्थिती अशी चौकट मांडली.

भारताचे आकडे रेव्हेन्स्टाइनला दुजोरा देतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी होती. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडलेले सुमारे साडेपाच कोटी, म्हणजे साधारण आठात एक. कारणांचे चित्रही सार्वजनिक चर्चेतील चित्राहून वेगळे आहे. २००१ च्या जनगणनेत आधीच्या दशकातील स्थलांतरितांची जी कारणे नोंदली गेली, त्यांत पुरुषांपैकी ३७.६ टक्के रोजगारासाठी हलले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते आणि जवळपास ६५ टक्के स्त्रियांचे कारण होते विवाह. मात्र जनगणना एका व्यक्तीचे एकच कारण नोंदवते. लग्न होऊन आलेली आणि नंतर कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागलेली स्त्री ‘विवाह’ याच रकान्यात राहते. तिच्या श्रमाची नोंद स्थलांतराच्या या हिशेबात होत नाही.

बिहार आणि उत्तर प्रदेशच का?

१९९१ ते २००१ या दशकात परराज्यांतून आलेले आणि परराज्यांत गेलेले यांची वजाबाकी केली, तर महाराष्ट्राच्या पदरी सुमारे २३ लाख माणसे अधिक पडली. इतर सर्व राज्यांपेक्षा जास्त. त्याच हिशेबात उत्तर प्रदेशने सुमारे २६ लाख, तर बिहारने सुमारे १७ लाख माणसे गमावली. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकडे झालेली शेती, दाट लोकवस्ती आणि वारंवार येणारे पूर ही त्यामागची परिचित कारणे होत.

त्यांत धोरणाचाही वाटा होता. १९५० च्या दशकापासून पोलाद, कोळसा यांसारख्या मालाच्या वाहतुकीचा खर्च देशभर समान ठेवण्याचे धोरण केंद्राने राबविले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते मागे घेतले गेले. तोपर्यंत खाणींजवळ कारखाना काढण्याचा बिहारचा, आजच्या झारखंडसह, स्वाभाविक फायदा नाहीसा झाला होता. कच्चा माल सर्वत्र सारख्याच भावाने मिळू लागल्यावर उद्योजकांनी बंदर आणि बाजारपेठ जवळ असलेली राज्ये निवडली. महाराष्ट्र त्यांत अग्रभागी होता. पुढे माल जिथे गेला, तिथे त्यामागून माणसेही गेली.

ओळखीची वाट

तरीही एक प्रश्न उरतो. काम अनेक शहरांत मिळते. मग एखाद्या गावातील तरुण नेमके चितेगावलाच का जातात? रेटा आणि ओढ यांतून याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. ते मिळते ओळखीतून. आधी कोणी तरी एक जण जातो. तो खोली घेतो, ठेकेदाराचा विश्वास मिळवतो आणि सणाला गावी गेला की परतताना चुलतभावाला सोबत आणतो. त्यामुळे नव्या माणसाचा धोका कमी होतो. उतरायला जागा असते, पहिला पगार होईपर्यंत जेवणाची सोय असते आणि कामाची हमी नसली तरी आशा असते. अगदीच निर्धन माणूस बहुधा दूर जाऊ शकत नाही, त्याचे कारण हेच. प्रवासाचे भाडे आणि पलीकडचा परिचय, दोन्ही त्याच्यापाशी नसतात.

ऊसतोडीचे गणितही याच धर्तीचे आहे. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि दिवाळीच्या सुमारास टोळी बाहेर पडते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि हिशेब त्या कोयत्यावरच होतो. येथे वाट दाखवणारा मुकादम असतो आणि उचल हीच बेडी होते.

घराजवळ कारखाने असताना मराठवाड्यातील माणसे बाहेर का जातात, असे विचारले जाते. ठेकेदाराला लांबचा कामगार सोयीचा वाटतो. तो कारखान्याजवळ राहतो, जादा पाळीला तयार असतो आणि पेरणी, पंचमी, भाऊबंदकीतील लग्ने यांसाठी दर महिन्याला रजा मागत नाही. स्थानिक तरुणाला तेच काम त्याच मजुरीत परवडत नाही. तो पुण्याकडे, चाकणकडे वळतो. तिथे तो स्वतःच लांबचा कामगार ठरतो.

ओढ संपते तेव्हा

‘व्हिडिओकॉन’ २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एखाद्या मोठ्या उद्योगावर उभ्या राहिलेल्या गावात अशी घटना केवळ कंपनीपुरती राहत नाही. खोल्यांचे भाडे, खानावळी, किराणा दुकाने, रिक्षा असा सारा व्यवहार तिच्या आधाराने चालत असतो. स्थानिकांना निदान घर आणि शेताचा आसरा असतो. परप्रांतीयाचे नव्या गावाशी नाते कामापुरतेच असते. काम गेले की तिथे राहायला कारण उरत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत हे देशाने पाहिले. जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर गावी जाणारी रेल्वे मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. थकून रुळांवरच झोपलेल्या १६ जणांना ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीने चिरडले. ते उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांचे होते.

आंतरराज्य कामगारांसाठी कायदा १९७९ पासून होता. ठेकेदाराला परवाना, कामगारांची नोंद, प्रवासभत्ता अशा तरतुदी त्यात होत्या. परंतु तो ठेकेदारामार्फत आणलेल्यांपुरता होता. चुलतभावाचे बोट धरून आलेला कामगार त्याच्या कक्षेत येत नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितेने स्वतःहून आलेल्यालाही, ठरावीक वेतनमर्यादेच्या आत, या व्याख्येत घेतले आहे. शिधापत्रिका कोणत्याही राज्यात चालण्याची सोयही २०२२ पर्यंत देशभर झाली. हे बदल उपयुक्त आहेत. पण नोंद ठेकेदाराच्या वहीत न राहता सरकारी दप्तरात झाली, तरच त्यांचा लाभ पोहोचेल.

राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने देशात कुठेही जाण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ते स्वातंत्र्य वापरणारा माणूस आपल्या दारी आला, की ‘हा का आला’ असे आपण विचारतो. त्याला कामाची गरज होती हे अर्धे उत्तर झाले. आपल्या कारखान्यांना तो हवा होता, हे उरलेले अर्धे. कर्नाटकातील उसाच्या फडात राबणाऱ्या बीडच्या कोयत्यासाठी जी सुरक्षितता आपण मागतो, तीच चितेगावच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला मिळायला हवी.