चित्रकथा वाचावी कशी?



चित्रांविषयीं नभोवाणीवरून बोलणें थोडें अवघडच. पुस्तक तुमच्यापुढें धरतां येत नाहीं, बोट ठेवून 'हें पाहा' असें म्हणतां येत नाहीं. तरीहि हा विषय मीं आपण होऊन मागून घेतला, त्याला कारण झाला तो आमच्या लहानशा वाचकमंडळांत नुकताच रंगलेला एक वाद.

आम्ही सहासात माणसें महिन्यांतून एकदां कोणाच्या तरी घरीं जमतों. सर्वांनीं ठरलेलें पुस्तक वाचून यावयाचें आणि त्यावर मोकळेपणानें मत द्यावयाचें, एवढाच आमचा नियम. आजवर कादंबऱ्या झाल्या, चरित्रें झालीं, प्रवासवर्णनें झालीं. या खेपेस आमच्यांतील एका तरुण मुलीच्या आग्रहावरून दोन चित्रकथा निवडल्या होत्या. अमेरिकन चित्रकार आर्ट स्पीगलमन याचें 'माउस' ही एक, आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या प्रधान गोंड कलावंत दांपत्यानें चितारलेलें 'भीमायन' ही दुसरी.

चित्रकथा म्हटली कीं माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढें येतात त्या मुलांच्या हातांतल्या पातळ पुस्तिका. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ घरोघर आला, १९६७ पासून अमर चित्र कथेंतले राजे आणि ऋषि आले. या पुस्तिकांनीं मुलांचें वाचन बिघडतें, असें आम्हां वडीलधाऱ्यांचें ठाम मत होतें. कबूलच करावयाचें तर, मुलाच्या दप्तरांत सांपडलेला वेताळाच्या अंकांचा एक गठ्ठा मीं एका रविवारीं रद्दींत घातला होता. मुलगा दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं. आपण योग्य तेंच केलें याविषयीं मला तेव्हां तिळमात्र शंका नव्हती.

असो. वादाला तोंड फुटलें तें आमच्यांतील एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या बोलण्यानें. ते म्हणाले, "माउसचे दोन्ही भाग मीं एका दुपारीं वाचून संपविले. तीनशें पानें उलटलीं, पण हातीं लागला तो एखाद्या दीर्घकथेएवढा मजकूर. याला ग्रंथ म्हणावयाचें तें कशाच्या आधारावर?"

त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. शब्द मोजले तर मजकूर थोडाच आहे. स्पीगलमनचे वडील व्लादेक हे पोलंडांतील ज्यू. दुसऱ्या महायुद्धांत ते आउश्विट्सच्या छळछावणींतून जिवंत बाहेर आले आणि पुढें अमेरिकेंत स्थायिक झाले. त्यांच्या तोंडून ऐकलेली हकीकत मुलानें चित्रांत मांडली. १९८० पासून ती 'रॉ' नांवाच्या नियतकालिकांत क्रमशः येऊं लागली. पुस्तकरूपानें पहिला भाग १९८६ सालीं आणि दुसरा १९९१ सालीं निघाला. १९९२ सालीं तिला विशेष पुलित्झर पारितोषिक मिळालें. ज्यूंना तोंडें उंदरांचीं, जर्मनांना मांजरांचीं आणि पोलिश लोकांना डुकरांचीं, अशी त्यांतील योजना आहे.

मुख्याध्यापकांचें बोलणें संपतांच त्या मुलीनें पहिल्या भागांतील एक पान काढून त्यांच्यापुढें ठेवलें. व्लादेक आणि त्याची पत्नी लपण्याची जागा सोडून रस्त्यानें चाललीं आहेत. जावें कोठें हें त्यांना ठाऊक नाहीं. शब्दांत सांगितलें आहे तें एवढेंच. तें वाचावयास दोन क्षण पुरतात. पण चित्रांत तीं दोघें ज्या चौरस्त्यावर उभीं आहेत त्याच्या चारहि वाटा पुढें जाऊन काटकोनांत वळल्या आहेत, आणि सगळा मिळून नाझींचा स्वस्तिक झाला आहे. कोणतीहि वाट धरली तरी ती त्यांच्याच हद्दींतली! मुख्याध्यापकांनीं चष्मा पुसला, पान पुन्हां पाहिलें आणि म्हणाले, "हें माझ्या नजरेंतून सुटलें." एका बाईंची गोष्ट निराळी. त्यांना ती आकृति दिसली होती; पण जें चिन्ह आपण उंबऱ्यावर मंगल म्हणून काढतों त्यांत मृत्यु पाहावयाला त्यांच्या मनाला वेळ लागला. आपल्याकडील वाचकाची ही अडचण मला खरी वाटते.

मुद्दा हा कीं, अशा पुस्तकाचा वेग शब्दांवरून ठरवूं लागलों तर अर्धें पुस्तक न वाचतांच आपण मत देऊन मोकळे होतों. दोन चौकटींच्या मध्यें जी कोरी पट्टी असते तिचेंच पाहा. एका चौकटींत हातांत कंदील घेतलेली आई दारांत उभी आहे. पुढल्या चौकटींत तोच कंदील जमिनीवर पडलेला आणि दार सताड उघडें. मधल्या वेळांत काय झालें? चित्रकारानें तें काढलेलें नाहीं. तें तुमच्या मनांत घडतें. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकथाकारानें १९९३ सालीं या कलेचें शास्त्र सांगणारा ग्रंथ लिहिला (तोहि चित्रकथेच्याच रूपांत!), त्यांत या कोऱ्या पट्टीला त्यानें फार मोठें स्थान दिलें आहे. कादंबरींत लेखक आपल्याला हाताला धरून नेतो. येथें प्रत्येक पट्टीपाशीं आपला हात सुटतो.

आमच्यांतील वकिलांची हरकत मात्र अधिक खोल होती. माणसांच्या जमातींना निरनिराळ्या प्राण्यांचीं तोंडें देणें म्हणजे नाझींचीच विभागणी मान्य करणें नव्हे काय? ही शंका अनेकांना आली आहे. पोलंडमध्यें २००१ सालीं पुस्तकाचा अनुवाद निघाला, तेव्हां डुकरांच्या तोंडांवरून लोक रस्त्यावर उतरले होते. याला उत्तर पुस्तकांतच आहे, पण तेंहि चित्रांत. ज्यू माणूस पोलिश म्हणून वावरतो तेव्हां तो डुकराचा मुखवटा बांधतो. आणि दुसऱ्या भागांत लेखक स्वतः उंदराचा मुखवटा दोरीनें बांधून लिहावयाच्या मेजाशीं बसलेला दिसतो. मुखवटा आहे, म्हणजे आंत माणूस आहे. वकिलांचें पूर्ण समाधान झालें नाहीं. माझेंहि झालें असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं.

जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेंतील टेनेसी राज्याच्या मॅकमिन परगण्यांत शालेय मंडळानें हें पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमांतून एकमतानें काढून टाकलें. कारण काय, तर कांहीं अपशब्द आणि एक नग्न आकृति! ती आकृति म्हणजे न्हाणीघरांत आत्महत्या केलेल्या लेखकाच्या आईचें एक छोटेंसें चित्र. आधींचें आणि नंतरचें चित्र झांकून मधलें एकच पाहिलें म्हणजे असा न्याय होतो.

'भीमायन' २०११ सालीं प्रसिद्ध झालें. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. लहानपणीं, १९०१ सालीं, मसूर स्टेशनावर उतरलेल्या भीमरावांना आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांना गाडीवान मिळेना, वाटेंत प्यावयास पाणी मिळेना, ही हकीकत महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? म्हणूनच आमच्यांतील एकजण म्हणाला, "यांत नवें काय?" नवें आहे तें बोलण्याच्या फुग्यांत. जातीचा विखार ज्या बोलण्यांत आहे त्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मृदु बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे, आणि मनांतल्या विचाराच्या फुग्याला डोळा आहे. शब्द वाचण्यापूर्वींच नांगी दिसते. अपमान कानाआधीं डोळ्यांना डसतो. शिवाय या पुस्तकांत चौकोनी चौकटीच नाहींत. पात्रांना पेटींत कोंडावयाचें नाहीं, असें या चित्रकारांनीं ठरविलें आणि घराच्या भिंतींवर व जमिनीवर काढतात त्या दिग्नाच्या वळणांनीं पानें विभागलीं. ज्या माणसाला जन्मभर हद्दी दाखविल्या गेल्या, त्याचें चरित्र चौकटींवांचून! हें त्या गृहस्थांना सांगितलें तेव्हां त्यांनीं पुस्तक पुन्हां पहिल्या पानापासून चाळावयास घेतलें.

मला यावरून आठवले कोंकणांतील पिंगुळीचे ठाकर चित्रकथी. पोथींतलें एकेक चित्र समोर उभें करून ते कथा गात. गाणें चालू असेपर्यंत चित्र हालत नसे, त्यामुळें श्रोत्याला तें पाहावेंच लागे. छापील चित्रकथेंत पान उलटणारा हात आपलाच असतो, आणि तो घाई करतो.

सभा संपतांना मुख्याध्यापकांनीं 'माउस' आणखी आठ दिवसांसाठीं मागून घेतलें. पुढच्या महिन्याला मार्जान सात्रापी या इराणी लेखिकेचें 'पर्सेपोलिस' वाचावयाचें ठरलें आहे. आणि माझा मुलगा, जो आतां पन्नाशीकडे झुकला आहे, त्याला मीं पत्र लिहून विचारलें आहे कीं त्या गठ्ठ्यांत वेताळाचे नेमके कोणते अंक होते. त्याचें उत्तर अजून आलेलें नाहीं.