यारीची पाटी कोण वाचणार?

शेंद्र्याच्या माळावर उभे राहून चहूकडे दृष्टी फिरविली, तर कोठे ना कोठे एखादी यारी आकाशाकडे हात करून उभी असलेली दिसतेच. औद्योगिक वसाहत झाली, तिच्या पाठोपाठ ‘ऑरिक’ ही नवी उद्योगनगरी आली, २०१९ च्या सप्टेंबरात तिचे लोकार्पण झाले. आणि या साऱ्या काळात तुळया, खांब आणि छपरे उचलणारी ही यंत्रे गावकऱ्यांच्या इतकी परिचयाची झाली, की येथील शाळकरी मुलगाही रंगावरून यारी कोणत्या कारखान्याची हे सांगतो. मात्र गावाजवळून जाणाऱ्या लोहमार्गावर एके काळी याच जातीचे, पण वाफेवर चालणारे एक यंत्र येत असे, हे त्याला सांगितले तर तो अविश्वासाने पाहतो. त्याचा दोष नाही. त्याच्या वडिलांनीही ते पाहिलेले नसते.

मी ते एकदाच पाहिले. आमच्या लहानपणी मनमाडहून जालना–परभणीकडे जाणारा हा मार्ग मीटरगेज होता आणि करमाड हे आमचे जवळचे स्थानक. पावसाळ्यात एकदा मालगाडीच्या दोन वाघिणी रुळावरून उतरल्या. दुसऱ्या दिवशी ‘ब्रेकडाऊन आली’ अशी वार्ता गावात पसरली आणि शाळा सुटण्याची वाट न पाहता आम्ही चार-पाच पोरे शेतांतून पळत सुटलो. समोर जे दिसले ते इंजिन नव्हते आणि इंजिनच नव्हे असेही म्हणता येत नव्हते. त्याला धुराडे होते, बॉयलर होता, कोळसा होता; परंतु पुढे हत्तीच्या सोंडेसारखा वाकलेला एक प्रचंड लोखंडी बाहू होता आणि त्याच्या टोकाला माणसाच्या उंचीचा आकडा लोंबत होता. शेंद्र्याच्या माणसाला गळ म्हटले, की मांगीरबाबाची जत्रा आठवते. ‘केवढा हा गळ!’ असे आमच्यातला एकजण ओरडला, तेव्हा तेथील खलाशीही हसले. ती दुपार मी विसरलेलो नाही. विसरलो ते एकच, आणि या लेखाचे कारणही तेच आहे : त्या यंत्रावरची पाटी मी वाचली नाही.

‘यारी’ हा शब्द आपल्या परिभाषेत आहे आणि तो चांगला आहे; यार्डात मात्र सर्वजण ‘क्रेन’च म्हणत. अमेरिकेत स्वतःच्या शक्तीने रुळावर चालणाऱ्या यारीला ‘लोकोमोटिव्ह क्रेन’ असे नाव पडले. तेथील बे सिटीचे इंडस्ट्रियल वर्क्स आणि क्लीव्हलँडची ब्राऊन हॉइस्टिंग हे या धंद्यातील दोन मातब्बर कारखाने १९२७ साली एक झाले. आपल्याकडे रेल्वे आली ती इंग्रजांच्या हातून, त्यामुळे अपघाताच्या जागी धावणाऱ्या मोठ्या याऱ्याही बहुधा इंग्लंडातूनच आल्या. १८४६ साली स्थापन झालेला कार्लाइलचा कौअन्स शेल्डन, १८६९ चा इप्सविचचा रॅन्सम्स अँड रेपिअर आणि मँचेस्टरचा क्रेव्हन ब्रदर्स ही त्यांतील ठळक नावे. यांपैकी इप्सविचच्या कारखान्यातील विल्फ्रेड स्टोक्स हे नाव युद्धेतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धात खंदकांतून वापरली गेलेली स्टोक्स मॉर्टर ही उखळी तोफ त्यांचीच. त्यांनी यारीसाठी केलेली योजना कमी गाजली, पण माझ्या मते अधिक विधायक होती. जड यारी रुळावरून नेताना तिच्या चाकांवरील भार पुलांना पेलवत नसे. स्टोक्स यांनी तिच्या दोन्ही टोकांना वेगळ्या छोट्या गाड्या जोडून भाराचा काही वाटा त्यांच्यावर टाकला. कामाच्या जागी पोहोचल्यावर या गाड्या सोडवून बाजूला करावयाच्या आणि यारी मोकळी करावयाची.

यारीचे गणित शाळेतल्या तरफेच्या धड्यापलीकडे जात नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावे. ‘पासष्ट टनी यारी’ म्हणजे कोठूनही पासष्ट टन उचलणारी यारी नव्हे. बाहू उभा असताना, ओझे जवळ असताना ती एवढे उचलते. बाहू खाली झुकवून ओझे दूर नेले की तिची ताकद झपाट्याने उतरते आणि मर्यादा ओलांडली तर दुसऱ्याला उचलायला आलेली यारी स्वतःच आडवी होते. म्हणून बॉयलर मागच्या टोकाला बसवीत. तो वाफही देई आणि समतोलही राखी. म्हणूनच बाजूंना लोखंडी आडवे टेकू बाहेर काढून त्यांच्याखाली स्लीपरांचे थर रचीत. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर, मीटरगेजच्या रुळांत नावाप्रमाणे १०००. एवढ्या अरुंद पायावर उभे राहून ओझे आडवे फिरवावयाचे, तर त्या टेकूंवाचून गत्यंतर नव्हते. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत ते स्लीपर कसे रचावेत, कोठे थांबावे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते मिस्त्रीच्या डोळ्यांत होते. आम्ही पाहिले त्या दिवशी निम्मी दुपार नुसते स्लीपर रचण्यात गेली आणि वाघीण उचलण्याचे काम काही मिनिटांत आटोपले. आम्हा पोरांची थोडी निराशाच झाली.

आता ओळख पटविण्याविषयी. आगगाडीच्या इंजिनांवर प्रेम करणारे लोक आपल्याकडे थोडे का होईना, पण आहेत. इंजिनाला वर्ग असतो, क्रमांक असतो, क्वचित नावही असते. यारीला यांतले फारसे काही नसते. ती वेळापत्रकात नसते, तिचे तिकीट निघत नाही, तिच्यापाशी उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही; ती आली म्हणजे कोठेतरी वाईट घडलेले असते. मग तिला ओळखावयाचे कशावरून? बाहू सरळ आणि जाळीदार असेल, तर ती बहुधा यार्डातली किंवा मालधक्क्यावरची. बाहू पुढे वाकलेला असेल, तर अपघातासाठीची, कारण उंच डबा उचलताना तो बाहूला अडू नये म्हणून ही वक्रता. आस किती, टेकू कसे निघतात, भार हलका करणाऱ्या गाड्या आहेत की नाहीत, प्रवासात बाहू ज्यावर टेकवितात तो सोबतचा डबा कसा आहे, हे पाहावे लागते. पण या साऱ्या खुणा आहेत, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे कारखान्याची ओतीव पाटी, तिच्यावरील अनुक्रमांक आणि साल.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. पुढे एका जुन्या छायाचित्रात मला तशीच एक यारी दिसली. तिच्या दोन्ही टोकांच्या त्या छोट्या गाड्या पाहून मी ती इप्सविचची ठरविली आणि कित्येक वर्षे वर्गात मुलांना मोठ्या आत्मविश्वासाने स्टोक्स आणि त्यांची उखळी तोफ सांगत राहिलो. एका निवृत्त फिटरला ते छायाचित्र दाखविले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून एवढेच विचारले, ‘गुरुजी, पाटी वाचली का?’ तशा गाड्या पुढे इतर कारखान्यांच्या याऱ्यांनाही लागल्या होत्या. कौअन्स शेल्डनने बांधलेल्या पंचाहत्तर टनी याऱ्यांनाही त्या असत. माझे विधान कदाचित खरे असेल, कदाचित खोटे. मात्र ते करण्याचा अधिकार मला नव्हता.

पाटीवाचून कागदांवरून शोध घ्यावा म्हटले, तर या मार्गाचे कागद तरी एके ठिकाणी कोठे आहेत? हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे म्हणून हा मार्ग शतकाच्या उंबरठ्यावर, १८९९ ते १९०१ या काळात, म्हणजे छप्पनच्या दुष्काळाच्या सुमारास खुला झाला. तो निजामाच्या हमीवरील कंपनीकडे होता. १९३० साली कंपनी जाऊन संस्थानची सरकारी रेल्वे आली. १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली. १९६६ च्या २ ऑक्टोबरला दक्षिण मध्य रेल्वे जन्माला आली. आणि २००३ साली नांदेड विभाग झाला. प्रत्येक बदलाबरोबर रूळ जागेवर राहिले, वह्या मात्र हलल्या. इंजिनांच्या याद्या कोणी ना कोणी जपल्या. यारी ही यंत्रसामग्रीच्या नोंदवहीतील एक ओळ; ती ओळ एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाताना कोठे गळाली, याची चौकशी कोण करणार?

त्यातच १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. इंजिन निकामी होते तेव्हा निदान निरोपाला माणसे जमतात, हार घालतात. मीटरगेजची यारी मात्र रूळ उखडले त्या दिवशी निरुपयोगी झाली आणि कोणी पाहिलेही नाही. वास्तविक वाफेच्या याऱ्या फार चिवट. रोज राबावे लागत नसल्याने त्या झिजत नसत, आणि त्यांच्या बरोबरीची इंजिने भंगारात गेल्यावरही त्या कामावर राहत. अखेर त्यांची जागा डिझेलवरच्या एकशेचाळीस टनी याऱ्यांनी घेतली. जर्मनीच्या गॉटवाल्ड कंपनीच्या सहकार्याने बिहारमधील जमालपूरच्या कारखान्यात त्या बनू लागल्या. हा कारखाना १८६२ चा. या बदलाबद्दल हळहळण्याचे काही कारण नाही. वाफेच्या यारीला वाफ धरायलाच तासन्‌तास लागत आणि अपघातात अडकलेल्या माणसाला तासांचा हिशेब परवडत नाही. जुने ते सोने म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसावयाचे नाही.

यंत्र म्हणजेच सर्वस्व, असेही नव्हे. ८ जुलै १९८८ रोजी केरळात पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, त्या वेळी ते बाहेर काढण्यास बेपूरचे मापिला खलाशी धावले. जहाजे ओढण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, दोरखंड आणि कप्प्या, एवढेच त्यांचे भांडवल. त्यांची कथा आज सांगितली जाते, कारण ती सांगणारे भेटले. आपल्या मनमाड, पूर्णा, भुसावळ, दौंड यांसारख्या रेल्वेच्या गावांत ब्रेकडाऊनवर आयुष्य काढलेले खलाशी आणि मिस्त्री आज ऐंशीच्या घरात आहेत. मध्यरात्री भोंगा वाजला की ताटावरून उठून जाणारी ही माणसे. त्यांना कोणी काही विचारलेले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. जुने लोखंड हा सार्वजनिक पैसा आहे. तो गंजत ठेवण्यापेक्षा विकलेला बरा. मान्य. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे; तेथे किंवा अन्यत्र प्रत्येक यारी ठेवा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु गॅसची ज्योत लावण्यापूर्वी पाटी उतरवून घेणे, चारही बाजूंनी छायाचित्रे घेणे आणि अनुक्रमांक, साल व ती कोठे कोठे राहिली एवढे एका कागदावर लिहून ठेवणे, याला किती खर्च येतो? एका लिपिकाची अर्धी दुपार. इंग्लंडात पीटर टॅटलो या अभ्यासकाने अशाच नोंदी गोळा करून रेल्वेच्या अपघात-याऱ्यांवर दोन खंड लिहिले. अनुक्रमांक जपून ठेवलेले होते म्हणून असा ग्रंथ होऊ शकतो. आपल्याकडे लिहिणारा उद्या निघालाच, तर त्याच्या हाती काय द्यावयाचे?

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी एका भंगाराच्या दुकानातून निरोप घेऊन आला. तेथे एक जाड लोखंडी पाटी पडली होती. कारखान्याचे नाव तिच्यावर नव्हते. बाहूचा पल्ला किती असता टेकूंसह आणि टेकूंविना किती टन उचलावे, त्याचा तक्ता तेवढा होता. दुकानदार वजनावर द्यायला तयार होता, पण दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन गेलो तोवर ट्रक निघून गेला होता. सुदैवाने मुलाने आदल्या दिवशीच तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती. तो कागद माझ्या टेबलावर आहे. टेकूंविना उचलावयाच्या भाराच्या रकान्यातील दुसरा आकडा गंजाने खाल्लेला आहे. मला तो तीन वाटतो, विद्यार्थ्याच्या मते आठ. त्या फिटरांना दाखवावा म्हणून आम्ही येत्या रविवारी मनमाडला जाणार आहोत.