किंमत कशासाठी काढायची?

"मॅडम, घराची किंमत काढायचीय. किती दिवस लागतील आणि किती घ्याल?"

फोनवर हा प्रश्न आला की मी उलट विचारते, "कशासाठी काढायचीय?" समोरचा माणूस गोंधळतो. काहींना तर रागच येतो. घर तेच, जागा तीच, मग कशासाठी हवी याच्याशी या बाईला काय करायचंय?

मी सिव्हिल इंजिनिअर. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात गेली पंचवीस वर्षं मालमत्तांचं मूल्यांकन करते. गावात मला 'व्हॅल्युएशनवाल्या बाई' म्हणतात. हातात टेप घेऊन कुणाच्या अंगणात शिरले की शेजारच्या बायका हळूच विचारतात, "काय हो, घर विकतायत का हे?" दर वेळी विकायचंच असतं असं नाही. कुणाला कर्ज हवं असतं, कुणाच्या लेकाला शिकायला परदेशी जायचं असतं, कुणाला वाटणी करायची असते. प्रत्येक वेळी कामाचा पसारा वेगळा. तो किती हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण खरं कळलं ते सुमनताईंमुळे. (नाव बदललं आहे.)

२०१९ सालची गोष्ट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साठीच्या एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. पिशवीतून त्यांनी जुन्या कागदांची झेरॉक्स काढली. सही माझी, शिक्का माझा, तारीख २०१४ ची.

"बाई, हा आकडा खरा आहे ना?"

कागद पाहिले आणि सगळं आठवलं. त्यांच्या वडिलांना घराच्या दुरुस्तीसाठी बँकेचं छोटं कर्ज हवं होतं. मला बोलावलं होतं त्यांच्या मुलाने. बँकेला एवढंच हवं होतं, की तारण ठेवलेल्या जागेतून कर्ज वसूल होईल का. शिवाय तारण होता फक्त पुढचा भाग. मागच्या परसाचा सिटी सर्व्हे नंबर वेगळा, तो कर्जात नव्हताच. मी पुढच्या खोल्या मोजल्या, घसारा धरला, हात राखून दर लावला आणि दोन दिवसांत रिपोर्ट दिला. त्या कामाला तेवढं पुरेसं होतं.

पुढे वडील गेले. आई आधीच गेली होती. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही. अशा वेळी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुली सारखे वाटेकरी. हे तिघं, दोघी बहिणी आणि एक भाऊ. भावाने तोच जुना रिपोर्ट काढला, आकड्याला तीनने भागलं आणि म्हणाला, "तुमचे पैसे घ्या आणि हक्कसोडपत्रावर सह्या करा." दोन दिवसांनी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जायचं ठरलं होतं.

"दादा फसवणारा नाही हो," सुमनताई म्हणाल्या. "पण परसात आईने लावलेली नारळाची झाडं आहेत, आड आहे. या कागदात आड कुठंच दिसेना. म्हणून आले."

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "ताई, आकडा खरा आहे. पण तो बँकेसाठी होता. तुमच्या वाटणीचा नाही."

रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'फक्त बँक कर्जासाठी' असं मी लिहिलं होतं. पण बारीक अक्षरात, इंग्रजीत. परस मोजलेलं नाही हे आत चौथ्या पानावर. नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. पण सातवी शिकलेल्या बाईला चौथ्या पानावरचं इंग्रजी कळणार कसं?

त्यांना म्हटलं, सह्या थांबवा आणि तिघांनी मिळून मूल्यांकन करून घ्या. एकीनेच करून घेतलं तर दुसऱ्याला ते तिच्या बाजूचं वाटतं. तुमचा माझ्यावर भरवसा नसेल तर दुसऱ्या कुणाकडून करा. तिघांनी चर्चा करून मलाच सांगितलं. भाऊ मात्र तणतणतच आले.

"तेव्हा एक किंमत, आता दुसरी? मग तेव्हा खोटं लिहिलं होतं का तुम्ही?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "दादा, घरच्या चार माणसांच्या अंदाजाने टाकलेला भात पंगतीला पुरेल का? म्हणून तो भात काही खोटा नसतो."

या वेळी पंधरा दिवस लागले. दोन्ही सर्व्हे नंबरांची मालमत्ता पत्रकं आणि नकाशे काढले. नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा घेतला. बांधकामाची परवानगी तपासली. प्रत्येक खोली, परस, आड, मागचा बोळ सगळं मोजलं. पुढच्या दुकानगाळ्यात २०१४ साली जुना भाडेकरू होता, त्यामुळे तेव्हा त्या भागाची किंमत कमी धरावी लागली होती. आता गाळा रिकामा होता. आसपासच्या खरेदीखतांच्या 'इंडेक्स टू'च्या प्रती काढल्या. कोणत्या व्यवहारात रस्त्याकडेची जागा होती, कोणता नात्यातला म्हणून स्वस्तात झाला होता, हे एकेक करून पाहिलं. नुसता रेडीरेकनर लावून भागत नाही. तो सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला दर असतो, बाजारभाव त्याच्या वर किंवा खालीही असू शकतो.

किंमत जुन्या आकड्याच्या दुपटीहून जास्त निघाली. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढे पैसे आणू कुठून मी?"

धाकटीने आपला वाटा हप्त्याने घ्यायचं कबूल केलं. सुमनताईंनी मात्र काही रक्कम सोडली. "सहा वर्षं वडिलांचं सगळं दादा-वहिनीने केलं," त्या म्हणाल्या. "मी सोडतेय ते त्यासाठी. पण किती सोडतेय, हे आता मला ठाऊक आहे."

हे वाक्य मी विसरले नाही. आपल्याकडे 'माहेर तुटू नये' म्हणून किती बायका कागद न वाचता सही करतात! हक्क सोडावा की सोडू नये हे जिचं तिने ठरवावं. पण काय सोडतोय ते तरी कळायला हवं ना?

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टचं पहिलं पान मराठीत असतं, मोठ्या अक्षरात. किंमत कशासाठी काढली, कुणासाठी, कोणत्या तारखेची, काय काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही. मूल्यांकनाच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये 'कामाची व्याप्ती' यावर एक स्वतंत्र मानकच आहे. मी त्याचं घरगुती रूप केलं, एवढंच.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा रिपोर्ट आला तर आकड्याकडे शेवटी बघा. आधी उद्देश आणि तारीख बघा. कर्जासाठीचा रिपोर्ट वाटणीला चालवू नका, आणि वाटणीचा करासाठी. २००१ पूर्वीची वडिलोपार्जित जागा विकताना भांडवली नफ्याच्या करासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. तिथे आजचा भाव काढून उपयोग नाही, त्या वेळचे व्यवहार शोधावे लागतात. ते काम वेगळं, वेळही वेगळा. मोजमाप सुरू असेल तेव्हा स्वतः हजर राहा. आड, गोठा, माळा, बोळ दाखवा. मूल्यांकन करणारा नोंदणीकृत आहे ना, हे विचारा. 'अमुक आकडा आला तर इतके जास्त देऊ' अशी बोली कुणी करत असेल तर त्या रिपोर्टवर विसंबू नका. आणि कुणी घर न बघता, कागद न मागता फोनवरच किंमत सांगितली, तर तो अंदाज समजा. अंदाजावर सही करायची नसते.

दादा अजूनही बाजारात दिसले की मान वळवतात. बहिणी मात्र दर भाऊबीजेला माहेरी येतात. मागच्या खेपेला सुमनताई जाता जाता माझ्याकडे डोकावल्या. पिशवीतून दोन नारळ काढून टेबलावर ठेवले.

"आपल्या परसातले आहेत," म्हणाल्या.