ज्ञानबाजीचा पट आणि नवे खेळ

पर्युषणात खेळल्या जाणाऱ्या ज्ञानबाजीच्या जैन पटावर बहुधा ८४ घरे असत. पुण्य शिडी चढवी, पाप सर्पमुखी नेई; शिकवण नियमांतच होती. कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांच्या २०१६ च्या ‘मिसिंग’ या मोबाइल खेळात खेळणारा विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी उभा राहतो आणि सुटकेचे निर्णय घेतो. तरुणांना खेळरचना शिकवताना प्रथम हेच शिकवावे. कर्जबाजारीपणावर घोषवाक्ये नकोत. थकलेले व्याज मुदलात मिळवणारा नियम घालावा, चार हप्ते चुकले की सावकारी आपोआप उमगते! एमआयटीत जन्मलेल्या विनामूल्य ‘स्क्रॅच’वर शाळकरी मूलही असा नियम बसवते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या पाठशाळांतील सुटीच्या शिबिरांना एवढे साधन पुरेसे आहे.